डोक्यावरच्या जागा

उकंडा एसटीत कंडक्टर होता. तीस वर्षं चामड्याची बॅग डाव्या खांद्याला. निवृत्त झाल्यावर बॅग सुटली, पण खांदा आणि मान धरली ती धरलीच. डावीकडे पाहायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. गोळ्या झाल्या, मालीश झाली. शेवटी तो आर्णीहून यवतमाळला, सुया टोचणाऱ्या डॉक्टर निशिगंधाकडे गेला.

"दुखते खांदा, अन् सुया डोक्यात?"

"त्याच्या जागा तिथंही असतात, काका. सुया असतानाच मान हळूहळू फिरवा."

जागा शोधायला तिनं त्याचे केस बाजूला सारले, बोटांनी डोकं चाचपलं. उकंडाचे डोळे भरून आले.

"दुखलं का?"

"नाई."

बायको रुपीबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून न्हाव्याशिवाय त्याच्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता.

तिसऱ्या खेपेला मान बरीच फिरू लागली. निशिगंधा म्हणाली, "आता आठवड्यानं या. तोवर घरच्यांकडून या जागा रोज दाबून घ्या. कोण आहे घरी?"

"सून हाये," तो बोलून गेला.

"मग पुढच्या वेळी त्यांना आणा. नीट दाखवते."

सून दिपाली पुण्याला होती, मुलासोबत. घरी आरशासमोर उभं राहून त्यानं स्वतःच दाबून पाहिलं; जागा सापडेना. त्यानं दिपालीला फोन लावला.

"बोला बाबा, काही काम होतं का?"

"नाई. सहजच."

"मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी करते."

संध्याकाळी तो फोन जवळ घेऊनच जेवला. फोन आला नाही.

पुढच्या आठवड्यात तो खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाला, "म्याडम, खोटं बोललो मी. घरी कोनी नाई. एकटाच रायतो."

निशिगंधानं त्याचा उजवा हात धरून बोट नेमकं डोक्यावर टेकवलं. "इथं. दाबा. अजून जोरात."

त्यानं दाबलं. "सापडली!" तो लहान पोरासारखा हसला.

महिनाभरात मान मोकळी झाली.

"आता यायची गरज नाही, काका."

दाराशी तो थांबला. "तरी येऊ का, कधीमधी?"

"दुखलं तर जरूर या," म्हणत तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

उकंडा जिना उतरला. त्यानं मान डावीकडे वळवून पाहिली, मग उजवीकडे. कुठंच दुखत नव्हतं.