तीन भोकांचा देव

वडिलांच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, जुन्या धोतराच्या फडक्यात ती वस्तू सापडली. ओंजळीएवढा लाकडी वाडगा, वापरून वापरून काळाभोर झालेला. पण वाडग्याच्या तळाला कुणी तीन भोकं पाडतं का? फडक्याच्या कोपऱ्यावर वडिलांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, 'सुमन'. योगिनी तिथंच जमिनीवर बसली.

सुमन तिची आई. योगिनी दोन वर्षांची असताना ती गेली, आणि वडिलांनी, काशीनाथ मास्तरांनी, घरात पुन्हा तिचं नाव काढलं नाही. आता दोन महिन्यांपूर्वी मास्तरही गेले. नातेवाइकांना आईबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर, "सुमन चांगली होती गं." चांगली तर भेंडीची भाजीही असते! तेवढ्यावर लेकीचं पोट कसं भरावं? आईची म्हणावी अशी दुसरी काडी घरात नव्हती. ही वस्तू काय आहे हे योगिनीला कळायलाच हवं होतं.

नवरा श्रीराम म्हणाला, समईची बैठक असेल. शेजारच्या हेमावहिनींनी मात्र ती कपाळाला लावली. "तीन भोकं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. पायदळी येऊ देऊ नका." झालं! सेलूतल्या त्या घरात एक देव वाढला. हळदकुंकू लागलं, तीन भोकांत तीन उदबत्त्या उभ्या राहिल्या. भोकं अंगठा जाईल एवढी, त्यामुळे उदबत्त्या दारुड्यासारख्या कलायच्या. त्या सरळ करायला योगिनीचा डावा हात पुढं व्हायचा आणि अर्ध्यावरून मागं यायचा. ती जन्माची डावरी. आत्यानं लहानपणी पळीचे तडाखे देऊन देव, ताट, देणंघेणं सगळं उजव्या हातावर आणलेलं. तेव्हा वडील एकच वाक्य बोलत, "राहू दे तिचा हात," आणि उठून बाहेर जात.

देव घरात आला आणि दुपारच्या डुलकीत योगिनीला एक स्वप्न पडू लागलं. चेहरा नाही, काही नाही. एक उबदार पाठ, तिला टेकलेला गाल. सगळं हलकेच डोलतंय. ओल्या मातीचा वास, आणि जवळच कुठं तरी खळखळ, खळखळ. पाणी म्हणावं तर पाणी नाही. जाग आली की गाल ऊन असायचा, आणि तिला उठावंसंच वाटायचं नाही.

शेवटी वाडगा पिशवीत घालून तिनं वालूरची बस धरली. वालूर आईचं माहेर. मामा शेत विकून केव्हाच पुण्याला गेलेले, पण त्यांच्या शेताशेजारच्या चांगुणाबाई अजून होत्या. ऐंशी सरलेली म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती. पलीकडं ट्रॅक्टरनं रब्बीची पेरणी चाललेली. योगिनीनं आपली ओळख सांगून वाडगा तिच्या हातात दिला.

"अगं माय! हे तर तिफणीचं चाडं हाय, बी पेरायचं," म्हातारी म्हणाली. मग नाकाशी धरून, "आन् ह्याला उदबत्तीचा वास कशाचा यायलाय?"

योगिनीनं देवघराची हकीकत सांगितली. म्हातारी हसता हसता खोकली.

"तसं लय चुकलं न्हाई तुझं. पेरायच्या आधी आमी बी ह्याला हळदकुंकू लावायचो, मगच मूठ धरायचो. बैल पुढं, बाई मागं. वटीतलं बी मुठीत घ्यायचं, चाड्यात सोडायचं. तीन भोकं, तीन नळ्या, भुईत तीन तासं."

बोलता बोलता तिचा अंगठा काठावरून फिरत होता. एका खोलगट जागी तो थांबला.

"हे सुमनीचं."

"कशावरून?"

"मनगट टेकून काठ झिजतो. समद्यांचा उजवीकडं, ह्याचा डावीकडं. अख्ख्या शिवारात डाव्या हातानं पेरणारी ती एकलीच. लोक म्हणायचे, डाव्या हाताचं बी उगवत न्हाई. उगवलं की तिचीच तासं दोरीवानी सरळ! लगीन झाल्यावर बी पेरणीला यायची. तुला पाठीला बांधून."

पाठ. ओली माती. नळ्यांतून खाली जाणाऱ्या दाण्यांची ती खळखळ. दोन वर्षांच्या पोरीला एवढं आठवतं का, हे शहाण्यांनी ठरवावं. तिला आठवत होतं.

चांगुणाबाईंनी दोन विटा मांडून त्यावर चाडं बसवलं, खाली परात सरकवली आणि योगिनीच्या ओटीत सूपभर ज्वारी ओतली. "धर मूठ."

डावा हात निघाला, अर्ध्यावर थांबला, मागं आला. उजवा पुढं झाला. म्हातारीनं तो बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे की तुझा हात."

डावं मनगट काठावर टेकलं, आणि त्या झिजलेल्या जागी नीट बसलं. दाणे सुटले. परातीत तीन ढीग वाढू लागले, एकसारखे.

वडील आईबद्दल कधी बोललेच नाहीत, असं ती जन्मभर म्हणत आली होती. बोलले होते की. दर वेळी, तेच एक वाक्य. योगिनी रडू लागली, आणि तिची मूठ सैल झाली.

"रड की," चांगुणाबाई म्हणाल्या, "पर मूठ सोडू नगं. तास मोडतं."