उलट्या गिटारचा शर्ट

मी एक जुना टी-शर्ट आहे, आणि मी नकली आहे. मित्रांनो, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारखे बाकीचे ते कधीच सांगत नाहीत. ते चकचकीत पिशवीत घडी घालून बसतात, गळ्याशी लेबल मिरवतात आणि घेणाऱ्याकडे साळसूदपणे बघत राहतात. एके काळी मीही तेच करत होतो. आता करत नाही. माझी कीव मात्र करू नका. मला ती नको आहे.

भाजीबाजाराच्या मागे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा जन्म झाला. खोलीत शिलाईची चार मशिनं होती. एकुलत्या एका खिडकीवर पुठ्ठा ठोकलेला होता, कारण छपाईच्या जाळ्यांना ऊन लागलेलं चालत नाही. दाराजवळच्या मशिनवर एक मावशी बसायच्या. माझे दोन्ही खांदे त्यांनी जोडले. दिवसाला किती नग झाले याची मालक ओरडून आठवण करून द्यायचा, तरी मावशी खांद्याची शिवण दोनदा मारायच्या. बाह्या आणि खालची पट्टी दुसऱ्याच कुणीतरी उरकली. तिथले दोरे आजही लोंबताहेत.

त्या आठवड्यात शहरात एका गायिकेचा कार्यक्रम होणार होता. ती स्वतःची गाणी स्वतः लिहायची आणि गिटार डाव्या हाताने वाजवायची. म्हणून सगळे तिला प्रेमाने डावखुरी म्हणत. तिच्या शर्टांवरचं चित्र तिच्याच चमूतल्या एका चित्रकार ताईंनी काढलं होतं. आमच्या मालकाने ते कुणाच्या तरी फोनमधून उचललं, मोठं केलं आणि छपाईवाल्याच्या हातात दिलं. विचारणं वगैरे त्याच्या गावीही नव्हतं.

छपाईवाल्याने जाळीच्या दोन चौकटी तयार केल्या. एक काळ्या चित्राची, दुसरी लाल अक्षरांची. घाईत त्याने चित्राची फिल्म पालथी ठेवली. पहिला शर्ट छापून निघाला, तो मी. त्याने मला दोन्ही हातांनी उजेडात धरलं आणि तो डोकं खाजवायला लागला.

“मालक, चित्र उलटं झालंय. बाई डावखुरी आहे आणि इथं उजव्या हाताने वाजवतेय.”

“अक्षरं सरळ आहेत ना?”

“अक्षरं सरळ आहेत.”

“मग झालं तर! हात कोण बघत बसतंय? चल, उरक.”

अशा रीतीने आम्ही दोनशे भावंडं उलटी गिटार घेऊन जगात आलो. मग आमच्या गळ्याशी डावखुरीच्या चमूचं नाव असलेली लेबलं लागली. घाईघाईने, एकाच बाजूला दोन टाके.

मला बाजारात आणलं ते टोपीवाल्याने. उन्हापावसात त्याच्या डोक्यावर एकच निळी टोपी असायची आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. त्याच्या गाड्यावर मी सगळ्यात वर होतो. तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले. आयुष्यभर त्यांनी बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगणारा माणूस, पण शर्टांच्या दुनियेत अगदीच नवखा.

“खरा आहे ना रे? नातीसाठी घेतोय. ती त्या बाईंची फार मोठी चाहती आहे.”

“आजोबा, लेबल वाचा की! त्यांच्याकडूनच येतो सगळा माल. कार्यक्रमाला गेलात तर हाच दुप्पट भावाने मिळेल.”

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल वाचलं. मला उलटं करून बघितलं नाही. आणि मी? मी गप्प बसलो. त्या दिवशी मी टोपीवाल्याच्या बाजूचा होतो, हे कबूल करायला हवं.

नातीला घरात सगळे तायडी म्हणत. वय तेरा. तीही डावखुरी. गिटारच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी तिला गिटार उजव्या हाताने धरायला लावली होती. चार महिने तिची बोटं अडखळत राहिली आणि मुलं तिला उलटी म्हणायला लागली. मग तिने फोनवर डावखुरीला वाजवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पक्कड घेऊन तिच्या गिटारच्या तारा उलट्या क्रमाने लावून दिल्या. तेव्हापासून तायडी मान वर करून क्लासला जायला लागली.

मित्रांनो, तिने मला अंगात घातलं तेव्हाचा तिचा आनंद काय सांगू! ती धावत आरशासमोर गेली. आरशात उलटं चित्र सुलट दिसतं. आरशातली गायिका डाव्या हाताने वाजवत होती. तायडी बघतच राहिली. अक्षरं उलटी दिसताहेत याकडे तिचं लक्षही गेलं नाही. “आजोबा, अगदी माझ्यासारखी!” ती म्हणाली. आजोबा दारात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी ती मला घालून क्लासला गेली. शेजारच्या मैत्रिणीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि फस्सकन हसली.

“अगं तायडे, तुझी डावखुरी तर उजवी झाली! नकली आहे हा!”

सगळा वर्ग हसला. तायडीने मला दोन्ही हातांनी ओढून खाली पाहिलं. तिचा ऊर धडधडत होता. तो मला आतून जाणवत होता, कारण मी त्यावरच होतो. फसवणूक म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. टोपीवाल्याने तिला हलकं कापड दिलं असतं तर तिने ते सोसलं असतं. पण त्या चित्रात तिला हवा होता तो एक डावा हात, आणि नेमका तोच माझ्याजवळ नव्हता.

घरी येऊन तिने मला पलंगाखाली भिरकावलं. आजोबांना वाईट वाटेल म्हणून ती काही बोलली नाही. पण आजोबा कच्चे नव्हते. त्यांनी मला बाहेर काढलं, उलटं केलं आणि इंजिन उघडावं तसं टेबलावर पसरलं. लोंबणारे दोरे पाहिले. लेबल एका बाजूने उचकटून आलेलं पाहिलं. मग नखाने शाई खरवडली. भिंतीचा पोपडा निघावा तसा तिचा एक तुकडा निघून त्यांच्या बोटाला चिकटला.

“गाडीचा नकली पार्ट मी नुसत्या वजनावरून ओळखायचो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “आणि इथे चक्क मामा बनलो. देतो फेकून.”

“नाही!” तायडीने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. “उद्या कार्यक्रमाला मी हाच घालणार.”

“अगं, लोक हसतील.”

“हसू देत. आज एकदा हसलेच आहेत. पण तो विकणारा उद्या तिथे गाडा लावणार आणि अजून शंभर जणांना हेच विकणार. मी का लपू? लपायचं तर त्याने.”

आजोबांनी टेबलावरचे शाईचे पोपडे झटकले. मग म्हणाले, “मीही येतो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सभागृहाबाहेर गर्दी जमली होती. फाटकाजवळ टोपीवाल्याचा गाडा होताच. तायडी गाड्यासमोर जाऊन उभी राहिली, मला छातीवर ताठ ताणून.

“काका, ही गिटार कुठल्या हाताने वाजवतेय?”

टोपीवाल्याला आधी काही उमगलंच नाही. मग मागे आजोबा दिसले. “अरे, शर्ट तो शर्टच. एवढं काय त्यात? पोरीला घेऊन जा, आजोबा. धंद्याच्या वेळी कटकट नको.”

“मी तुला खरा आहे का म्हणून विचारलं होतं,” आजोबा म्हणाले. “तू हो म्हणालास.”

“सगळेच विचारतात!”

“म्हणून तर आलोय. आज सगळ्यांना उत्तर मिळेल.”

तायडी गाड्यासमोरून हलली नाही. जो कुणी गाड्याकडे वळेल त्याला ती म्हणायची, “घेण्याआधी हात बघा. ती डावखुरी आहे ना? मग हा कुठला हात?” लोक थांबायचे, बघायचे, हातातला शर्ट खाली ठेवायचे. टोपीवाल्याने तिला हाताने बाजूला सारायचा प्रयत्न केला. आजोबा मध्ये उभे राहिले. पान्यांशी झटून घडलेला तो देह होता. टोपीवाला मागे सरला.

हा गोंधळ ऐकून फाटकाच्या आतल्या टेबलावरून एक बाई आल्या. बोटांना शाईचे डाग. याच त्या चित्रकार ताई. त्यांनी माझ्यावरचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हा डावा हात मी अकरा वेळा काढला होता,” त्या म्हणाल्या. “तारेवर बोटं नीट बसेनात. डावखुरी रोज समोर बसून वाजवून दाखवायची.”

मित्रांनो, आयुष्यात मला एकदाच लाज वाटली, ती त्या क्षणी. अकरा वेळा काढलेला हात आमच्याकडे एका झटक्यात पालथा झाला होता, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पण ताई रडत बसल्या नाहीत. त्यांनी आतून खरा शर्ट आणला आणि तायडीच्या शेजारी उंच धरला. गळ्याच्या आतल्या बाजूला कापडावरच छापलेला क्रमांक दाखवला. चमूच्या यादीत तो शोधून बघता येतो, हेही सांगितलं. खऱ्याची शाई कापडात मुरलेली होती, ताणली तरी तडकत नव्हती. माझी शाई वर थापलेली. खालच्या पट्टीवर खऱ्याला दोन सरळ ओळींची शिलाई, मला एकच, तीही वाकडी. लोक मला चिमटीत धरून बघत होते. मी अंग चोरलं नाही. बघा म्हटलं, नीट बघा.

एक तरुण मात्र म्हणाला, “मला स्वस्तात मिळतोय, बास झालं,” आणि घेऊन गेला. चित्रकार ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. सगळेच ऐकतात असं नाही. पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आत टोपीवाल्याने गाडा आवरला.

ताईंनी तायडीला खरा शर्ट भेट देऊ केला. तिने मान हलवली. “फुकट नको. आजोबा घेतील, पण आधी नीट बघून.” आणि आजोबांनी खरोखरच पाव तास लावला. उलटा केला, सुलटा केला, क्रमांक दोनदा वाचला, शाईला नाक लावलं. मागे रांग खोळंबली आणि ताई हसून हसून बेजार झाल्या. तायडीने आत जाऊन शर्ट बदलला आणि मला ताईंच्या हातात ठेवलं. “हा तुमच्याकडे राहू दे. तुमच्या कामाला येईल.”

तेव्हापासून मी ताईंच्या टेबलामागे टांगलेला असतो, गावोगाव फिरतो. माझ्यावर एक कागद टाचलेला आहे : ‘मी नकली आहे. मला हात लावून बघा.’ दोनदा कुणीतरी मला फाडायचा प्रयत्न केला. एकदा बाही फाटली. ताईंनी ती शिवली आणि मला पुन्हा तिथेच टांगलं.

गेल्या महिन्यात एक बाबा आपल्या लहान मुलीला घेऊन आले. मुलीच्या हातात बाहेरून घेतलेला नवा शर्ट होता. त्यावर गिटार अगदी बरोबर, डाव्या हाताने. “बघा, आमचा खरा आहे,” बाबा ऐटीत म्हणाले. मी चपापलो. नकली बनवणारे शहाणे झाले होते, त्यांनी हात सुधारला होता. ताईंनी तो शर्ट उलटा केला. गळ्याच्या आत क्रमांक नव्हता. मुलीने शाईला नख लावलं. पोपडा निघाला.

“बाबा, चला परत,” ती म्हणाली.

“अगं, जाऊ दे आता, तो काही पैसे परत देणार नाही.”

“नाही दिले तर नाही. पण त्याला सांगायचं तर आहे ना!”

आणि ती निघालीसुद्धा. मागून बाबा, ओढल्यासारखे. त्याच दिवशी ताईंनी माझ्या कागदावर एक ओळ वाढवली : ‘फक्त हात बघू नका.’

तेव्हा मित्रांनो, ते रोज नवं काही शिकणार असतील, तर शिकू देत. तुम्हीही शिका. घेण्याआधी कापड उलटं करा, शिवण बघा, शाई ताणून बघा, विकणाऱ्याला तोंडावर विचारा. विचारल्यावर तो चिडला तर शर्ट खाली ठेवा आणि चालू लागा. आणि फसलातच, तर मला पलंगाखाली फेकू नका. अंगात घाला, बाहेर पडा आणि सगळ्यांना दाखवा.