भिंत रडते, निळीसुद्धा

चर्चच्या दफनभूमीची जुनी दगडी भिंत रडायला लागली आणि सगळं गाव वाट्या-बाटल्या घेऊन तिच्या पायाशी लोटलं. आभाळ कोरडं ठणठणीत, तरी दोन दगडांमधून पाणी कित्येक महिने ठिबकतच होतं!

“पूर्वज रडताहेत, बाबांनो! थेंब डोळ्यांत घाला, आंधळासुद्धा सुईत दोरा ओवेल!” भिंतीपाशी ठाण मांडून बसलेले, म्हणून गावाने ‘भिंतकाका’ म्हटलेले गृहस्थ ओरडायचे. आधी ते घड्याळं दुरुस्त करत. दुरुस्त झालेलं घड्याळ मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी त्या गर्दीत गावच्या डॉक्टरीणबाईंना स्वतःची आई दिसली. तिचा काचबिंदू बळावलेला, आणि लेकीचं औषध गुपचूप बंद करून ती भिंतीचे थेंब घालत होती.

“आई, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही गं! औषध सोडू नकोस, पाया पडते तुझ्या.”

“तुझं औषध चुरचुरतं. हे कसं गार वाटतं.”

डॉक्टरीणबाई तडक चर्चच्या आवारात शिरल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या थडग्यांनी आतली जमीन बाहेरच्यापेक्षा कमरेइतकी उंच झालेली. भिंतीला लागून पाण्याची टाकी, बुडातून गळणारी. पूर्वी चुन्याच्या सांध्यांतून ओल झिरपून जागीच वाळून जाई. पण गावाने मोठ्या भक्तीने वर्गणी काढून सारे सांधे सिमेंटने बुजवले होते. एक फट राहून गेली, आणि सगळं पाणी तिथूनच बाहेर पडू लागलं. बाईंनी टाकीत कपड्यांची नीळ ओतली.

दुसऱ्या दिवशी भिंत निळी रडली.

“बघा! ही माझी नीळ! पाणी टाकीचं आहे!” बाई आनंदाने ओरडल्या.

मग भिंतकाकांनी हात जोडले, “स्वर्गाचा रंग!” आणि गर्दी दुप्पट झाली.

चिडून बाईंनी टाकीच रिकामी केली. भिंत वाळली. लोक म्हणाले, डॉक्टरणीच्या अविश्वासाने पूर्वज रुसले. आईने मात्र निळं पाणी बाटलीत भरून ठेवलं होतं. ते संपेपर्यंत तिने लेकीचं काही ऐकलं नाही.

एका दुपारी तिनेच हाक मारली, “अगं, दिवा लाव ना. किती अंधारलंय!”

बाहेर लख्ख ऊन होतं. लेक औषध हातात धरून नुसती उभी राहिली.

लोकहो, पाणी उंचावरून खाली येतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं, इतकंच. हात जोडण्याआधी भिंतीपलीकडे एकदा डोकावून बघा. दिसतंय तोवरच बघा.