शिडी विकायची नाही

पिशवीवाल्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागत. पाणी आणायला कुणी आत वळलं की तेवढ्यात त्यांना घर कळे. शेगडी कालची गार आहे की परवाची, डब्याचं झाकण उघडताना दबकं वाजतं की पोकळ. दुःख त्या कुणाला सांगायला लावत नसत. म्हणत, “एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडून दाखव कशाला म्हणायचं?” मदत केंद्रात त्यांना बारा वर्षं झाली होती आणि पिशवीचे बंद चारदा बदलून झाले होते.

रंगाऱ्याच्या घरी त्या पोचल्या तेव्हा शिडी दाराबाहेर काढून ठेवलेली होती.

“शिडी कुणाची वाट बघतेय?”

“गिऱ्हाइकाची,” रंगाऱ्याची बायको म्हणाली. “चार वाजता येतोय.”

“मग मी तीनला आले ते बरं झालं.”

आत कॉटवर रंगारी भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोन महिन्यांपूर्वी कामावरून पडला, कमरेचं हाड मोडलं. काठी घेऊन चालेल, पण शिडीचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो बोलायचाच थांबला. घरात शाळेत जाणारी लेक, म्हातारी आई, आणि पीठ संध्याकाळपुरतं.

बाईंनी पाणी संपवलं. “वहिनी, पीठ, तेल, साखर, साबण उद्या घरी येईल. भाड्याचं घरमालकाशी मी बोलते. पण आमच्या केंद्राचा एक हट्ट आहे. हत्यार विकायचं नाही.”

“शिडी काय चावून खायची?” सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

“चढायची, आजी.”

“चढणार कोण? मी?”

बाईंनी फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “घरात हात किती?”

कमावते हात, असं त्यांना म्हणायचं होतं. रंगाऱ्याच्या बायकोने मान खाली घातली. “एकही नाही.”

“दोन,” कॉटवरून आवाज आला. “भिंतीला ओल असेल तर तीन. आणि आधी अस्तर. अस्तराशिवाय हात मारला तर वर्षात पोपडे.”

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता खालीच बसली. रंगाऱ्यांच्या बोलीत हात म्हणजे रंगाचा एक थर. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला दोन महिन्यांनी कुणीतरी त्याच्या कामाचं विचारलं होतं, आणि झोपेतून उठावा तसा तो उत्तर देऊन गेला होता.

बाई हसल्या नाहीत. “आमच्या केंद्राच्या भिंतीला पोपडे आलेत. किती हात लागतील?”

रंगाऱ्याने कूस बदलली. “आतून फुगलेत की वरून सुटलेत?”

“मला काय कळतंय? येऊन बघा.”

“मला चढता येत नाही, बाई.”

“बघायला बोलावतेय. चढायला कोण सांगतंय?”

“मी चढते,” बायको म्हणाली. असं काही बोलणार आहोत हे तिलाही माहीत नसावं.

“झालं,” सासूबाई म्हणाल्या. “सून वर, माझा मुलगा खाली. माझ्यासाठी छप्पर बघा आता.”

चार वाजता गिऱ्हाईक आलं आणि तसंच परत गेलं.

केंद्राच्या खोलीत मग शाळा भरली. रंगारी स्टुलावर, बायको शिडीवर. पहिल्या आठवड्यात भिंतीपेक्षा तिच्या केसांना रंग जास्त.

“मनगट सैल सोड. भिंतीशी भांडू नकोस, तिला समजाव.”

“भांडायला तुम्ही आहात की खाली.”

भीती वाटली की ती गुणगुणायची. एक दिवस तिचं तिलाच जुळलं:

*शिडीवर चढले मी, धनी खाली गं बसला,*
*भिंत हसली पांढरी, तेव्हा धनी माझा हसला.*

“मी हसलो नाही,” रंगारी म्हणाला, आणि हसला.

केंद्राने मजुरी चोख दिली. बाईंची मदत थांबवायची रीतही पाहण्यासारखी. एकदम दार लावायचं नाही. आधी साखर थांबली, महिन्याने तेल, पीठ सगळ्यात शेवटी. प्रत्येक कामाच्या पैशांतून आधी ब्रश-रोलरचं बाजूला पडे, मग घराचं. लेकीची फी वेळेवर गेली.

पीठ थांबलं त्याच महिन्यात बाहेरचं पहिलं मोठं काम आलं, दातांच्या दवाखान्याचं. खालची खोली पसंत पडली तर वरच्या तीनही. नाही पडली तर पुन्हा पीठ मागायला जायचं.

शेवटच्या सकाळी तिरपं ऊन आलं आणि रंगाऱ्याला भिंतीवर हातभर पट्टा दिसला. तिथे रंग वाळायच्या आत दुसरा हात फिरला होता.

“तिथे कपाट येणार आहे,” बायको हळूच म्हणाली.

“कपाट आज आहे. उद्या हलेल.”

ती पॉलिश पेपर घेऊन वर चढली. अख्खी भिंत घासली, अख्खी पुन्हा रंगवली. दिवस फुकट गेला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. “हे कालच झालं होतं ना?”

“आम्हाला दिसलं,” रंगारी म्हणाला.

त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली, दिवा लावून पुन्हा फिरवली. “वरच्या खोल्या कधी सुरू करता?”

रंगाऱ्याने काठीने शिडीकडे दाखवलं. “वर विचारा.”

“सोमवारी,” वरून उत्तर आलं. “जिना हे चढतील हळूहळू. फक्त यांचं स्टूल वर न्यायला कुणीतरी लागेल. स्टुलाशिवाय यांना भिंत दिसत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी स्टूल उचलून पाहिलं. हलकंच होतं.