गळ्यात हार, प्लग बाहेर

मित्रांनो, आधी ते दार लावा. काय बोलायचं ते नंतर बोलू. घरीसुद्धा तुम्ही फ्रीज उघडा टाकून आत काय आहे ते बघत उभे राहता आणि आई ओरडते, हे मला ठाऊक आहे. इथं ओरडायला आई नाही, म्हणून मलाच ओरडावं लागतं.

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. भूमच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात उभा असतो. घरातल्या फ्रीजमध्ये दूध टिकतं. माझ्यात ठेवलंत तर त्याचा दगड होईल. ज्याचं नुसतं गार राहून भागत नाही, ज्याला गोठूनच राहावं लागतं, ते मी सांभाळतो. त्यासाठी मला एकच गोष्ट लागते. वीज. हार नको, नारळ नको, फक्त वीज. एवढी साधी गोष्ट माणसांना का कळत नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही.

कारखान्यातून टेम्पोत उभ्यानं आलो, तेव्हा पांढराशुभ्र होतो. नंतर कित्येक वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. गॅदरिंगच्या वेळी तेवढी माझ्यात कुल्फी ठेवायचे. माझी खरी विचारपूस करायची ती दीपमाला. ती इथंच शिकली आणि इथंच पीएच.डी. करू लागली. हरभऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत झाडाला पोसणारे जिवाणू राहतात. आपल्या कोरड्या रानात त्यांतले कोणते तग धरतात, हे तिला शोधायचं होतं. बांधाबांधानं हिंडून तिनं ते जमवले आणि नळ्यांत भरून माझ्या हवाली केले. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तशी ती आल्या-आल्या माझ्या दाराला हात लावायची.

मग कोरोना आला. कॉलेजला कुलूप लागलं आणि मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. लसीच्या पेट्यांत बर्फाचे पॅक लागतात, ते गोठवायला. दीपमालाच्या नळ्या बाहेर काढून कशात तरी ठेवल्या. त्या नासल्या. गरजच तशी होती, हे मीही मानतो.

पण दवाखान्यात जे ऐकलं त्यानं माझं डोकं तापलं. फ्रीझरचं डोकं तापतं म्हणजे बघा! आजाराबद्दल वरचे साहेब आज एक सांगायचे, महिन्यानं दुसरं. अहो, नवा आजार, नवी माहिती. शास्त्र असंच चालतं, चुकलं की दुरुस्त करतं. पण हे लोकांना नीट समजावून कोण सांगणार? दटावणं सोपं. 'लस घेतली नाही तर रेशन बंद करू' म्हटलं की रांग लागायची. दंडात सुई गेली, पण मनातली भीती तिथंच राहिली. तिकडे मोबाइलवर तर घरोघरी शास्त्रज्ञ जन्माला आले होते.

साथ ओसरली. मी दाराला पोचा घेऊन कॉलेजात परत आलो. बघतो तर मुलं सूक्ष्मदर्शकाला हात न लावता पास झालेली. दीपमालाला आता बाळ होतं, आणि हातात काहीच काम नव्हतं. प्रयोगशाळेचे प्रमुख इंद्रजित सर तिला म्हणाले, "हरभऱ्याला आता कोण विचारतंय? कोरोनाचं काहीतरी घे. लगेच मंजूर होईल."

झालंही तसंच. लोकांच्या रक्तात कोरोनाशी लढणारी ताकद किती उरली, हे शोधायला ती जवळच्या ईट गावाला जाऊ लागली. पण रक्त देतंय कोण? साथीत नाकात काड्या घालून नेल्या, त्यांचे रिपोर्ट कित्येकांना मिळालेच नव्हते. शेवटी शेतमजुरी करणाऱ्या सुमनबाईंनी हात पुढं केला. अट एकच घातली: ज्यानं रक्त दिलं त्याच्या हातात त्याचा रिपोर्ट, आणि तोही मराठीत समजावून. दीपमालानं शब्द दिला. सुमनबाईंच्या मागं गाव आलं.

बाजाराच्या दिवशी सुमनबाई थेट प्रयोगशाळेत आल्या.

"मॅडम, माझं रगत कुठं ठिवलंय ते दावा."

दीपमालानं माझं दार उघडलं. सुमनबाईंनी वाकून पाहिलं आणि झटकन पदर सावरला.

"अगं बया! हितं त्येला थंडी वाजत न्हाय व्हय?"

"थंडीतच टिकतं ते, मावशी."

"मंग नीट ठिवा. गावाला म्या सांगितलंय, पोरगी फसवायची न्हाय म्हणून. हसं करू नका माझं."

जाताना त्यांनी माझ्या दाराला हात लावला. मित्रांनो, तेव्हापासून आतल्या प्रत्येक नळीवर मला एका माणसाचा शब्द ठेवल्यासारखा वाटायचा.

आणि आली खंडेनवमी. तुमच्याकडेही त्या दिवशी विळे, कोयते, ट्रॅक्टर धुऊन पुजत असतील. पूर्वी मला कुणी झेंडूचं एक फूल वाहिलं नव्हतं. पण आता मी 'कोरोनात तालुका वाचवणारं मशीन' झालो होतो ना! इंद्रजित सरांनी हौसेनं मोठा हार आणवला. शिपाई वीरप्पा ओलं फडकं घेऊन आला. शॉक बसू नये म्हणून त्यानं प्लग काढला. इथवर ठीक. हळदकुंकू झालं, लिंबू ठेवलं, हार घातला.

वीरप्पानं विचारलं, "सर, लावू का परत?"

"अरे, आज हत्याराला कामाला लावतात का? राहू दे निवांत. सगळा कोरोना राबलंय ते."

निवांत! मी ओरडलो असतो, पण ओरडायलाही वीज लागते. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. दीपमाला सासरी, येरमाळ्याला. इथं माझ्या दारातून थेंब थेंब पाणी फरशीवर गळत होतं, आणि गळ्यात हार.

सुट्टी संपवून ती आली. दाराला हात लावला, बाहेर पडलेला प्लग पाहिला आणि सरांना बोलावून आणलं.

सर म्हणाले, "लाव परत, गोठेल की."

"रक्त खराब झालंय, सर."

"मग आकडे अंदाजानं भर. काम जमा करायची तारीख जवळ आलीय तुझी. अन् गावाला 'सगळं चांगलं आहे' असे रिपोर्ट छापून दे. कोण तपासतंय?"

तिनं वाकून फरशीवरचं पाणी पुसलं. माझी आतली धाकधूक काय सांगू! मग म्हणाली, "सुमनमावशी हात लावून गेल्यात याला."

सर चिडून निघून गेले. दीपमालानं सुमनबाईंना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच काहीही न लपवता सगळं सांगितलं. सुमनबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग सुकलेल्या हाराकडं.

"पूजा केली? अन् बंद करून ठिवला? लई भारी! उद्या दवाखान्यात नर्सबाईची आरती करा, अन् तिला दिवसभर पाटावर बसवून ठिवा!"

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नको, पोरी. म्या परत रगत दीन. पर गावात तू चल, अन् हेच समद्यांम्होरं सांग. म्या न्हाय सांगायची. माझा शब्द एकदा खर्चून झालाय."

दीपमाला गावात गेली. तिथं काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिनं मला सांगितलं नाही. संध्याकाळी पेटी घेऊन आली आणि नळ्या एकेक करून माझ्यात लावल्या. सुमनबाईंची पहिली होती. पण पूर्वीपेक्षा नळ्या कमी भरल्या. काहींनी दार लावून घेतलं म्हणे. तिची तारीखही टळली.

मित्रांनो, यंत्राचे आभार मानायचे असतील तर ते चालू ठेवा. कुणाला शब्द दिलात तर तो रोज जाऊन हात लावून बघा, गार आहे का. आणि चुकलात तर जाऊन तोंडानं सांगा, कागद रंगवू नका. मी यंत्र असून मला हे समजतं, मग शिकलेल्यांना का समजत नाही?

खंडेनवमी पुन्हा जवळ आली आहे. दीपमालानं माझ्या प्लगवर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. आत नळ्यांच्या रांगेत बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. कुणाचं मन वळलं तर लागतील, म्हणून मी त्याही गोठवून ठेवल्या आहेत.