वगळलेली टेकडी

खानदेशातलं एक लहान धरण गाळानं भरत चाललं होतं. कमीत कमी खर्चात गाळ अडवायचा तर चर आणि दगडी बांध नेमके कुठल्या उतारांवर घालायचे, हे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलनं ठरवायचं काम सुरतेच्या एका कॉलेजात उज्ज्वलाकडे आलं. धरणाजवळचं गाव तिच्या वडिलांचंच होतं.

मॉडेलनं निवडलेल्या उतारांत तिथंच शेती करणाऱ्या तिच्या सुकदेवकाकांची टेकडी नव्हती.

"सगळ्यात जास्त माती तर तिथलीच जाते," सुरतेतल्या डिंडोलीच्या घरी लोटूआप्पा लेकीला म्हणाले.

"जाते, पण धरणापर्यंत पोचत नाही आप्पा. मधल्या पडीक रानातच बसते. तिथं खर्च करून धरणाला फायदा नाही."

"तुझ्या काकाला आहे ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजात प्रकल्प बघणाऱ्या आशिष सरांना विचारलं. ते म्हणाले, "घाल टेकडी. पण पैसा तेवढाच आहे. नाल्याकाठचा एखादा उतार काढावा लागेल."

तिनं तसं करून पाहिलं. मॉडेलमध्ये धरणात येणारा गाळ लगेच वाढला. त्या धरणाचं पाणी आसपासची गावं पीत होती. तिनं टेकडी पुन्हा काढून टाकली आणि घरी येऊन आप्पांना तसं सांगितलं. आप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर त्यांनी तिच्या कामाबद्दल कधी विचारलं नाही.

बांध झाले. पुढच्या पावसाळ्यात धरणात गाळ खरंच कमी आला. पाटबंधारे कार्यालयातून कौतुकाचा फोन आला. त्याच पावसाळ्यात एका ढगफुटीनं काकांचं टेकडीवरचं रान खरवडून नेलं. दिवाळीनंतर ते सुरतेत नवागामला आले आणि कापडाच्या कारखान्यात लूमवर लागले.

उज्ज्वला डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेली. चार माणसांच्या त्या खोलीत ते भिंतीला टेकून बसले होते.

"धरण बरं शे ना?" त्यांनी विचारलं.

"हो." तिनं डबा त्यांच्यापुढे ठेवला. "काका, तुमची टेकडी मी..."

"माले ठाऊक शे."

"पुढच्या टप्प्यात घेता येईल. मी बोलते सरांशी."

"आते काय अडावशी, पोरी? खाले नुसता मुरूम शे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. पाळीची वेळ झाली तसे ते उठले, डबा तसाच कोपऱ्यात ठेवला आणि चपला घालून गल्लीत उतरले. कारखान्याकडे निघालेल्या माणसांच्या गर्दीत काका कोणते, हे तिला दारातून ओळखता येईना.