न विचारलेला अमानिए

माझ्याकडे वेण्या घालायला येणाऱ्या बायकांच्या दोन तऱ्हा आहेत. एक येणाऱ्या आणि दुसऱ्या 'निघालेच' म्हणणाऱ्या. दुसऱ्या तऱ्हेची बाई 'निघालेच' म्हणते तेव्हा तिची अंघोळसुद्धा व्हायची असते. मी तिच्यासाठी खुर्ची अडवून बसते, दारात आलेल्या चांगल्या गिऱ्हाइकाला परत पाठवते, आणि मग फोनवर रडक्या तोंडाचं एक चित्र येतं. झालं! सगळी सकाळ पाण्यात. कुमासी शहरात बांतामाच्या रस्त्यावर इतकी वर्षं दुकान चालवते मी, पण त्या रडक्या तोंडाला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. जे सुचतं ते पाठवता येत नाही.

एनो दुफींची तऱ्हा तिसरीच. केजेतिया बाजारात त्यांनी उभा जन्म कापड विकलं. ठरलेलं काम मोडायचं असेल तर त्या स्वतः चालत जातात, बसतात, पाणी पितात आणि मगच 'नको' म्हणतात. "फोनवर नाही म्हणणं म्हणजे लोकाच्या अंगणात कचरा टाकून पळणं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

त्या शनिवारी सकाळी त्यांच्या भाचीचा, अब्राफीचा फोन आला.

"सिस्टर बिरागो, एनो तुझ्याकडे निघाल्यात."

"येऊ देत की. खुर्ची पुसून ठेवलीय. आज नवरीची खुर्ची आहे ती."

"अगं, वेण्या घालायला नाही येत. नको म्हणून सांगायला येतायत. सगळंच मोडतायत!"

मी हातातला कंगवा खाली ठेवला. त्या दिवशी दुपारी बाफोर ड्रायव्हरची माणसं एनोंच्या दारावर थाप मारायला, म्हणजे रीतसर मागणी घालायला येणार होती. बाफोर ड्रायव्हरनं सारं आयुष्य लाकडाचे ट्रक हाकले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एनोही विधवा. दोघांची ओळख झाली ती मयताच्या मांडवात. आमच्या कुमासीत शनिवार म्हटला की कुणाचा ना कुणाचा अंत्यविधी असतोच, आणि दर मांडवात हा गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवून एनोंसाठी जागा धरायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आम्ही सगळ्या खूश होतो.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"काल नळावर कुणीतरी बोललं. म्हणे नातवंडं लग्नाला आली आणि आजी डोकं सजवून नवरी होऊन बसणार. एनोंनी कच खाल्ली, सिस्टर. उजाडल्या उजाडल्या मांडववाल्याकडे गेल्या, तिथून स्वयंपाकवालीकडे. आता तुझ्याकडे, आणि तुझ्यानंतर बाफोर ड्रायव्हरकडे."

"नवऱ्याला सगळ्यांत शेवटी?"

"म्हणतात, ज्याचा रोज बुडतो त्याला आधी सांगावं. नवऱ्याचा काय रोज बुडतोय!"

हसायची वेळ नव्हती, तरी मी हसले. "आणि मांडववाल्यानं, स्वयंपाकवालीनं निमूट ऐकून घेतलं?"

"काय करतील? पाणी दिलं, अमानिए विचारला, एनोंनी सांगितलं. मिटलं."

तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुणा आला की आधी बसायला देतात, मग पाणी, आणि मग घरच्यानं विचारायचं, 'अमानिए काय?' म्हणजे काय निरोप घेऊन आलात, कसं येणं केलंत. घरच्यानं विचारल्याशिवाय पाहुण्यानं कामाचं तोंड उघडायचं नाही. हल्लीच्या पोरी उंबऱ्यातूनच ओरडून मोकळ्या होतात, ते सोडा. एनो दुफी न विचारता बोलायच्या नाहीत, जीभ गिळतील.

"अब्राफी," मी म्हटलं, "पळत जा आणि त्या दोघांना गाठ. म्हणावं, मांडव सोडू नका आणि चूल विझवू नका."

"आणि एनो नको म्हणाल्या तर?"

"म्हणायला मिळालं तर ना!"

एनो आल्या. डोक्याला करडा रुमाल घट्ट आवळलेला, चेहरा मयताला जातानाचा. उजव्या बाजूनं सुरुवात करून दुकानातल्या प्रत्येकीशी हात मिळवला. दुकानात होतं कोण, तर केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेली एक गिऱ्हाईक, मेविस, आणि मी. बाकीच्या खुर्च्यांवर मी आधीच वेणीत जोडायच्या विकतच्या केसांचे गठ्ठे रचून ठेवले होते. मोकळी होती ती फक्त आरशासमोरची खुर्ची. एनो तिच्यावर बसल्या. मी पाण्याची पिशवी कापून ग्लासात ओतली, बशीत ठेवून दोन्ही हातांनी दिली. त्या प्याल्या, शेवटचे थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले आणि ताठ बसून माझ्याकडे पाहू लागल्या.

"कंगवा कुठं गेला बाई माझा," मी म्हटलं.

एनो थांबल्या.

"उकडतंय किती. रुमाल जरा सैल करू का, एनो?"

पाहुण्यानं यजमानाच्या मायेला नाही म्हणायचं नसतं. मी रुमाल सोडला आणि माझे हात थबकले. नवरा गेल्यापासून एनोंचं डोकं कायम बारीक कापलेलं आम्ही पाहिलं होतं; वेण्या ठरल्या तेव्हा विकतचे केस जोडावे लागणार असंच मी धरून चालले होते. त्या रुमालाखाली चांगले चार बोटं लांब केस होते, तेल लावून, विंचरून, जपून वाढवलेले. कुणाला न सांगता कितीतरी महिने ही बाई ते वाढवत होती, आणि एका रात्रीत सगळं मोडायला निघाली होती. माझे डोळे भरून आले. नळावरच्या त्या बयेचं तोंड त्याच नळाखाली धरावं असं वाटलं.

मी भांग पाडला आणि कपाळापासून मागे, डोक्याला चिकटून, बारीक वेणी घालायला घेतली.

"बिरागो," एनो म्हणाल्या, "मी पाणी प्याले."

"आणखी आणते!"

दुसरा ग्लासही त्या प्याल्या. तिसऱ्या वेणीपर्यंत कळ काढली.

"मुली, तुझ्या आईनं तुला काही शिकवलं की नाही?"

"शिकवलं ना. पाहुण्याला घाई करू नये म्हणाली."

"तुझी आई अशी नव्हती. ती दारातच विचारायची."

"म्हणून तर तिचं कुणाशी पटलं नाही, एनो. मान जरा खाली."

तेवढ्यात मेविसनं यंत्राखालून डोकं बाहेर काढलं. "एनो, आज कसं काय येणं केलंत?"

एका ढांगेत जाऊन मी यंत्राचा टोप तिच्या नाकापर्यंत ओढला आणि वारा पूर्ण सोडला.

"ही कोण?" एनोंनी विचारलं.

"दोनदा रडकं तोंड पाठवून न आलेली."

"मग हिला उत्तर द्यायचं कारण नाही. पाणी कुठं हिनं दिलं होतं?"

मी पटापट बोटं चालवू लागले. निरोपाचं बोलता येत नसलं तरी गप्पांना बंदी नसते, म्हणून मीच विषय काढला.

"बाफोर ड्रायव्हर ट्रक कसा चालवायचे हो?"

"हळू," एनो म्हणाल्या. जरा वेळानं त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "सगळंच हळू. मला विचारायचं म्हणून पाच मयतं घालवली. दर वेळी घसा खाकरायचा आणि जेवण बरं आहे म्हणायचा. शेवटी मीच म्हटलं, आता आणखी कुणी मरायची वाट बघताय का?"

मी इतकी हसले की वेणी सुटली. एनोही हसल्या, खांदे हलवत, तळहातानं तोंड झाकत. मग हात खाली आला आणि त्या आरशात बघत हळूच म्हणाल्या, "लोक हसतील गं, बिरागो."

हा काही अमानिए नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं. "हसू देत. इतकी वर्षं लोकांच्या घरी जाऊन रडलात ना? एक दिवस त्यांनी तुमच्या घरी येऊन हसावं. तेवढं देणं लागतात ते."

पुढची वेणी घालताना त्यांची मान न सांगता वळली.

शेवटची वेणी झाली. मी मागे छोटा आरसा धरला. कापडाचा पन्हा तपासावा तशी त्यांनी डोक्याची डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, मागची पुन्हा दाखवायला लावली. मग हात मांडीवर ठेवून पुन्हा ताठ बसल्या.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. वेण्या घातल्या म्हणून मन बदलतंच असं नाही. पण पाहुणीला अमानिए न विचारता वाटेला लावलं असतं, तर रडकं तोंड पाठवणारीत आणि माझ्यात फरक काय राहिला? मी हात धुतले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. मेविसनंही टोप वर सारून कान टवकारले.

"एनो, इथं सगळं शांत आहे," मी रीतीप्रमाणे म्हटलं. "वाट चालून तुम्ही आला आहात. अमानिए?"

एनोंनी करडा रुमाल उचलला, नीट चौघडी केली आणि पिशवीत टाकला.

"मीही वाईट काही आणलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी एक घेऊन निघाले होते. तू इतका उशीर लावलास की ते शिळं झालं. शिळं कुणाच्या घरी देऊ नये. आता ताजं सांगते. दुपारी बाफोरची माणसं येतील. आमच्या बाजूनं त्यांना अमानिए विचारायला एक तोंडाळ बाई हवी. तू ये."

मला हसू आणि रडू एकदम आलं. "पण एनो, दुपारी मी एका गिऱ्हाइकाला वेळ दिलीय."

"मग आत्ता तिच्या घरी चालत जा, बस, पाणी पी आणि सांग. फोन करशील तर खबरदार." त्या उठल्या आणि दारात जाऊन वळल्या. "आणि बिरागो, त्यांना पाणी दिलंस की लगेच विचार. मला घाई आहे."